दिलगीरबाईंचा चौथा रकाना

कंपनीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे दिलगीरबाई म्हणत, आणि बाईही त्या हाकेला ओ देत. साबणाच्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, पत्राने किंवा फोनवर, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. साबण लवकर झिजतो, साबणाला वास नाही, साबणाला भलताच वास आहे, साबणात केस निघाला, साबणाने खाज सुटली. तक्रार कसलीही असो, बाईंचं पत्र 'आम्ही दिलगीर आहोत' इथे सुरू व्हायचं आणि 'आपला विश्वास हीच आमची कमाई' इथे संपायचं. मधल्या दोन ओळी खाज कुठे सुटली त्यावर ठरायच्या.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी कंपनीच्या वकिलाने त्यांना समोर बसवून एक धडा दिला होता. पत्रात 'चूक' हा शब्द कधीही येता कामा नये. चूक झाली म्हटलं की कुणाची, केव्हा, केवढी, असे फाटे फुटतात आणि माणूस कोर्टात जातो. दिलगिरीचं तसं नाही. दिलगीर कुणीही, कशाबद्दलही, कितीही वेळा व्हावं, अंगाला काही चिकटत नाही. बाईंच्या लेखी तो धडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला. एकतीस वर्षांत लाखभर माणसांपुढे त्या दिलगीर झाल्या, आणि कंपनीच्या हातून चूक अशी एकही झाली नाही. असली निष्पाप कंपनी शोधून सापडायची नाही.

खरं म्हणजे बाई या कामासाठी आल्याच नव्हत्या. त्यांचा अर्ज होता कंपनीच्या दुकानातल्या काउंटरसाठी. मुलाखतीला तीन साहेब बसले होते. बाई आत आल्या तशी तिघांची नजरानजर झाली. मधल्याने काहीतरी वाचून दाखवायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, आवाज फार गोड आहे हो तुमचा, तुम्हाला फोनवरच बसवू. बाई हरखल्या. आवाजावर नोकरी लागली, असं त्या दहा वर्षं सांगत होत्या. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर कुणी नव्हतं म्हणून त्या जरा तिथे जाऊन उभ्या राहिल्या, तर व्यवस्थापक तोंडातला घास तसाच ठेवून धावत आला. बाई, तुम्ही आत बसा, गिऱ्हाईक बिचकतं.

गोरेपणाचा साबण विकायच्या जागी काळी बाई उभी, मग गिऱ्हाईक बिचकणारच की. बाईंचे पणजोबा गोदीवर ओझी वाहायला जहाजातून आणलेल्या माणसांपैकी. त्यानंतर चार पिढ्या याच शहरात जन्मल्या, वाढल्या, गाडल्या गेल्या. बाईंची भाषा हीच, शाळा इथलीच, मतदार यादीत नाव इथलंच. तरी बसमध्ये शेजारी बसलेलं कुणीही विचारायचं, तुम्ही मूळच्या कुठल्या? त्या दिवशी काउंटरवरून आत येताना बाईंना आपल्या गोड आवाजाची किंमत कळली. फोनवर रंग दिसत नाही. शरम वाटायची तर ती व्यवस्थापकाला वाटायला हवी होती, पण तो उरलेला घास चावत बसला आणि बाई मान खाली घालून आत जाऊन बसल्या. त्यानंतर आणखी एकवीस वर्षं त्या तिथेच होत्या.

बाईंचं लग्न झालं नव्हतं. बहीण गेली तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी बाईंकडे आली आणि दोन खोल्यांच्या त्या घरात मावशी-भाचीचा संसार सुरू झाला. भाची आता चोवीस वर्षांची होती. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. हात इतका हलका की सुई टोचली कधी आणि निघाली कधी ते कळू नये. मावशी जेवढी सोशीक तेवढी भाची तिखट. मावशीने लाखभर लोकांचं ऐकून घेतलं होतं, भाची एकाचंही ऐकून घेत नसे. दोघींचं पटायचं ते कदाचित म्हणूनच.

आता त्या कार्यक्रमाविषयी. संध्याकाळी आठला टीव्हीवर लागायचा. विनोदी कार्यक्रम होता, म्हणजे चॅनेलचं तसं म्हणणं होतं. त्यात एका बंगल्यात डांबऱ्या नावाचा नोकर असायचा. डांबऱ्या झालेला नट मूळचा दुधासारखा गोरा. तो तोंडाला काळा रंग फासायचा, ओठ जाड रंगवायचा, नाकात काहीतरी कोंबून ते फेंदारायचा आणि गोदीवरच्या लोकांची म्हणून कुणीच कधी न बोललेली मोडकी बोली बोलायचा. तोंडाला काळं फासणं म्हणजे आपल्या भाषेत बेअब्रू, ती या गृहस्थाने पगारी करून घेतली होती. दर भागात बंगल्यातले दिवे जायचे. अंधारात मालकीण ओरडायची, "डांबऱ्या, दात दाखव, म्हणजे कळेल कुठे आहेस ते." अंधारात एक पांढरी बत्तिशी चमकायची आणि प्रेक्षक गडाबडा लोळायचे. सहा वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, हा एकच विनोद. लिहिणाऱ्याला बक्षीसही मिळालं होतं.

या कार्यक्रमाचा प्रायोजक म्हणजे बाईंची कंपनी. कंपनीच्या जाहिरातसाहेबाला वाटलं, एवढं लोकप्रिय पात्र हाताशी आहे तर ते वाया का घालवा? हा साहेब चाळिशीचा, पांढरे बूट घालून ऑफिसात उड्या मारत चालणारा, प्रत्येक वाक्यात 'हलकंफुलकं' म्हणणारा. त्याने जाहिरात काढली. डांबऱ्या साबण घेऊन न्हाणीघरात जातो, पडद्यावर एकवीस दिवसांचं कॅलेंडर फडफडतं, आणि आतून गोरापान सुटातला तरुण बाहेर येतो. एरवी त्याच्यावर खेकसणारी मालकीण लगबगीने त्याच्यासाठी खुर्ची ओढते. वर अक्षरं उमटतात, 'मळ गेला, माणूस दिसला.' हे वाक्य सुचलं त्या दिवशी साहेबाने सगळ्या विभागाला केक खाऊ घातला होता. बाईंनाही एक तुकडा आला, आणि त्यांनी तो खाल्ला. हे सांगायलाच हवं.

आठवड्याभरात 'दात दाखव' ही सगळ्या शहराची हाक झाली. रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात, बाईंच्या रंगाचं माणूस दिसलं की मागून कुणीतरी म्हणणारच. आणि एका सकाळी इस्पितळात, रांगेत तीसेक माणसं बसलेली असताना, बाही वर करून बसलेल्या एका पेशंटने भाचीला म्हटलं, आधी दात दाखव, मग सुई टोच. रांग हसली. भाचीने त्याचं रक्त नेहमीसारखंच हलक्या हाताने काढलं, कापूस दाबला, चिठ्ठी चिकटवली आणि घरी येऊन फोन हातात घेतला.

तिने झाला प्रकार जसाच्या तसा लिहून टाकला. खाली आपला फोटो लावला, ओठ मागे ओढून सगळे दात दाखवणारा. तो हसरा फोटो नव्हता, कुत्रं चावायच्या आधी दाखवतं तसे ते दात होते. खाली लिहिलं, दात दाखवते. दोन दिवसांत हजारो लोकांनी आपापले दात दाखवले. गोदीवरचे म्हातारे, शाळेतल्या बाई, टॅक्सी चालवणारे, बाळंतीण, सगळे. मग जे व्हायचं ते झालं आणि हौशे-नवशे आले. एका नटीने दात दाखवले आणि खाली दातांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. कुणी दातांचं चित्र छापलेले शर्ट विकायला काढले. आयुष्यात शेजाऱ्याला कधी जिन्यात वाट न देणाऱ्या माणसांनी माणुसकीवर चार-चार पानं लिहिली. भाचीला त्यांचा राग यायचा, पण ती म्हणायची, येऊ देत, गर्दी तर होते.

चॅनेलने दाद दिली नाही. कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नव्हता, असं एक पत्रक काढलं. हेतू नव्हता म्हणे. सहा वर्षं रोज खुर्चीत बसून तासभर तोंड रंगवून घ्यायचं आणि हेतू नव्हता! माणूस शिंकतो तेव्हा हेतू नसतो. भाचीच्या लक्षात आलं की चॅनेलला लाज नसली तरी जाहिरातदाराला धंदा असतो. तिने साबण कंपनीला पाठवायचा एक मजकूर तयार केला आणि सगळ्यांना सांगितलं, हा जसाच्या तसा उचला आणि पाठवा. पहिला तिने स्वतः पाठवला. चार दिवसांत त्रेचाळीस हजार लोकांनी तो पाठवला. भाची दिवस मोजत वाट पाहू लागली. आपल्या मावशीच्या ऑफिसात काय भूकंप झाला असेल, असं तिला वाटत होतं.

ऑफिसात काहीही झालं नव्हतं. तिथे आलेली तक्रार रकान्यांत टाकली जायची. पहिला रकाना वासाचा, दुसरा वजनाचा, असं करत सातवा आणि शेवटचा रकाना भावनांचा. सातव्यात पडलेलं कुणी उघडत नसे. शिवाय मजकूर अक्षरशः सारखा असेल तर संगणक सगळ्या तक्रारी एकात एक घालून एकच धरायचा. शुक्रवारच्या अहवालात बाईंनी लिहिलं, 'भावनाविषयक: १'. आणि साहेबाने सांगितल्याप्रमाणे एक उत्तर लिहून एक बटण दाबलं, ते त्रेचाळीस हजार जणांना गेलं.

शनिवारी सकाळी मावशी-भाची चहा घेत असताना भाचीचा फोन वाजला. तिने वाचायला सुरुवात केली, मोठ्याने. आम्ही दिलगीर आहोत. आपल्या भावनांचा आम्हांला आदर आहे. सदर जाहिरात विनोदाच्या अंगाने घ्यावी ही विनंती. पुढचं वाक्य तिने फोनकडे न बघताच म्हटलं, आपला विश्वास हीच आमची कमाई. लहानपणापासून ते वाक्य तिने घरात ऐकलं होतं. अभ्यासाला बसली की समोर मावशी पत्रांचे गठ्ठे घेऊन बसायची.

"हे तू लिहिलंस," भाची म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. काम होतं, म्हणाल्या. साहेबाने सांगितलं. कुणीतरी लिहिणारच होतं.

"मला दात दाखव म्हणणाऱ्याचं मी रक्त काढलं, तेही कामच होतं. पण विनोदाच्या अंगाने घेतलं नाही."

तिने ते पत्र छापून आणलं आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं. मग बोलणं बंद. दोन दिवसांनी तिने एवढंच सांगितलं की इस्पितळाच्या वसतिगृहात खोली मिळते आहे, तीन महिन्यांनी रिकामी होईल, त्या एक तारखेला ती जाईल. बाई रोज दूध काढायला फ्रिज उघडायच्या आणि आपलंच अक्षरअन्‌अक्षर वाचायच्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावाने? एकतीस वर्षं जी भाषा त्यांनी परक्यांना दिली ती आता घरच्या पत्त्यावर आली होती, आणि तिच्यात एक सरळ वाक्य बोलायची सोय नव्हती. वीस वर्षं वाढवलेली पोर अशी जाते आहे हे त्यांना सहन होत नव्हतं. रोज ओठावर काहीतरी यायचं, पण ते दिलगीर म्हणूनच यायचं, आणि त्या गप्प बसायच्या.

इकडे साहेबाने शुक्रवारचा अहवाल वाचला. एकच तक्रार? मग एवढा गाजावाजा कसला, म्हणाला. त्या एका माणसाला आपल्यातर्फे भेटीचा खोका पाठवून द्या, खूश होईल. त्रेचाळीस हजार जण ज्या एकात कोंबले होते त्याला पत्ता पहिल्या पाठवणाऱ्याचा. पुढच्या शनिवारी दुपारी बाईंच्या दाराची घंटा वाजली. खोका त्यांनीच सही करून घेतला, कारण भाची कामावर होती. आत रेशमी कागदात एकवीस साबण होते आणि एक छापील कार्ड. 'हसत राहा, दात दाखवत राहा.'

साहेबाला यात काही वावगं दिसलं नसेल याची बाईंना खात्री होती. तेच तर किळसवाणं होतं. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. याला तेवढीही अक्कल नव्हती. हा उड्या मारत आयुष्य काढणार, आणि याच्या मागून बाई ओला फडका घेऊन पुसत जाणार. बाई खुर्चीवर बसल्या आणि भाची येईपर्यंत तो खोका मांडीवर धरून राहिल्या.

भाची आली, तिने कार्ड वाचलं आणि खोका खिडकीतून फेकायला उचलला. बाईंनी तिचा हात धरला. त्यातला एक साबण काढला, उलटा केला आणि वेष्टनाच्या शिवणीजवळचा बारीक आकडा बोटाने दाखवला.

"हा घाण्याचा नंबर, म्हणजे वडी कुठल्या खेपेत बनली तो. हा असल्याशिवाय आमच्याकडे तक्रारीला कुणी तक्रार म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्रेचाळीस हजार जणांनी भावना कळवल्या. भावनांना आम्ही केराची टोपली दाखवतो. तक्रार कशी करतात ते मी सांगते, लिहून घे."

मग त्या जे बोलल्या ते एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सातव्या रकान्याच्या वर एक चौथा रकाना आहे. 'जाहिरातीत दाखवलेला परिणाम मिळाला नाही.' पूर्वी एकदा कपडे पांढरे होत नाहीत म्हणून प्रकरण सरकारी मंडळापर्यंत गेलं होतं, तेव्हापासून चौथ्या रकान्यातल्या प्रत्येक तक्रारीला दहा दिवसांत लेखी, सहीनिशी उत्तर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. नाही दिलं तर कागद आपोआप मंडळाकडे जातो. मजकूर प्रत्येकाचा वेगळा हवा, नाहीतर संगणक परत सगळ्यांना एकात घालेल. आणि रंगाचा अपमान, माणुसकी, असलं एक अक्षर लिहायचं नाही. लिहायचं एवढंच की मी तुमचा साबण एकवीस दिवस वापरला, मी होते तेवढीच काळी आहे, माझ्या वडीत काही बिघाड आहे का ते तपासून कळवा.

भाची हसायला लागली. आठवड्यात पहिल्यांदाच.

तीन आठवडे गेले, कारण एकवीस दिवस वापरल्याचा पुरावा हवा. मग चौथ्या रकान्याचं धरण फुटलं. गोदीवरच्या एका मुकादमाने लिहिलं की मी आणि माझे चौदा हमाल, सगळे मिळून साठ वड्या झिजवल्या, एकजण तर उन्हामुळे आणखीच काळा झाला, काय करावं? एका आजीने लिहिलं की वय एक्याऐंशी असल्याने उशीर लागत असेल तर तसं कळवा, मी थांबते. एका बाईने आपल्या गोऱ्या नवऱ्यावर वापरून पाहिला आणि विचारलं, हे आता कुठवर जाणार? कोळसा उगाळावा तितका काळाच, असं शाळेत ज्यांना ऐकवलं गेलं होतं त्यांनी कोळशाच्या वतीने घाण्याच्या नंबरासकट विचारणा केली. दहा दिवसांत सहा हजार दोनशे तक्रारी. एकीसारखी दुसरी नाही.

कंपनीची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. साबणाने रंग उजळतो म्हणावं तर सहा हजार माणसं आपापली तोंडं घेऊन मंडळापुढे उभी राहणार. उजळत नाही म्हणावं तर जाहिरात खोटी, आणि तीही सहीनिशी. जाहिरातसाहेबाच्या उड्या थांबल्या. त्याने बाईंना वर बोलावलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा बसा म्हणून. नवा वकीलही होता. बाई, तुमच्यासारखी पत्रं कुणाला जमत नाहीत, साहेब म्हणाला. असं पत्र लिहा की त्यात होही नसेल आणि नाहीही नसेल. उद्या सकाळी अकराला सगळ्यांना जाऊ दे. चौथ्या रकान्याच्या पत्राखाली सही बाईंचीच चालायची, वरून मंजुरी लागत नसे. असल्या कागदांवर आपलं नाव नको म्हणून वरच्यांनी ती सोय पूर्वीच करून ठेवली होती. स्वतःची कातडी वाचवायला बांधलेल्या भिंतीत त्यांनी बाईंसाठी दार ठेवलं होतं आणि विसरून गेले होते.

बाईंना निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पत्र लिहायला बसल्या तेव्हा त्यांना ते ठाऊक होतं, आणि आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. काही महिन्यांपूर्वी डांबऱ्या झालेल्या नटाचीच एक तक्रार त्यांच्याकडे आली होती. जाहिरातीच्या चित्रीकरणानंतर तोंडाचा काळा रंग कंपनीच्या साबणाने निघेना. चौदा वेळा घासला, गालाची सालं निघाली, शेवटी तेलाने पुसून काढावा लागला. बाईंनी तेव्हा दिलगीर होऊन त्याला मलम पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सहा हजार दोनशे माणसांना पत्र गेलं. 'आपली वडी तपासली. तिच्यात बिघाड नाही. आमच्या साबणाने माणसाचा रंग बदलत नाही. जाहिरातीत दिसतो तो काळा रंग नटाच्या तोंडाला फासलेला होता. तोही आमच्या साबणाने निघाला नाही, तेलाने काढावा लागला. आपला रंग हा मळ नाही.' खाली बाईंची सही. वर दिलगिरी नव्हती.

दोनच्या आत ते पत्र शहरभर फिरलं. संध्याकाळी कंपनीने जाहिरात मागे घेतली. मग बिस्किटवाले, पंखेवाले, विमावाले, एकामागून एक मेंढरांसारखे कार्यक्रमातून बाहेर पडले आणि प्रत्येकाने सांगितलं की आमच्या मनात हे कधीपासून होतं. चॅनेलने पुढच्या भागात डांबऱ्याला परदेशात नोकरी लावून दिली. नटाने मुलाखत देऊन सांगितलं की त्या रंगाखाली त्याचा किती कोंडमारा होत होता. आणि महिनाभराने जाहिरातवाल्यांच्या संमेलनात धाडसी पारदर्शकतेचं पारितोषिक कंपनीला मिळालं. ते घ्यायला पांढरे बूट घालून साहेब गेला. पत्रामागची प्रेरणा काय, असं विचारलं तर म्हणाला, मला खोटं खपत नाही. टाळ्या पडल्या.

पारितोषिक मिळालेलं पत्र लिहिणाऱ्या बाईला उघड काढून टाकणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्यांना बंद खोलीत बोलावलं. वकिलाने दोन ओळींचा कागद पुढे केला. परवानगीशिवाय कंपनीची अंतर्गत माहिती उघड केल्याबद्दल मी दिलगीर आहे. सही करा, उरलेले तेरा महिने निवांत काढा, विषय संपला. बाईंनी कागद वाचला. शब्द त्यांचाच होता.

"एकतीस वर्षं मी तुमच्या वतीने दिलगीर होते," त्या त्याच गोड आवाजात म्हणाल्या. "माझ्या वतीने तुम्ही एकदा व्हा, मग मी सही करते."

साहेब वकिलाकडे बघायला लागला. वकील टेबलाकडे. त्या दुपारी बाई डबा, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी घेऊन घरी आल्या. कंपनीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी तपासली, साबण बिबण नाही ना म्हणून.

घरी भाची बॅग भरत होती. उद्या एक तारीख. मधल्या दिवसांत दोघींनी खांद्याला खांदा लावून काम केलं होतं, हसल्या होत्या, पण फ्रिजवरचा कागद हलला नव्हता आणि वसतिगृहातली खोलीही तिने सोडली नव्हती. बाईंनी नोकरी सुटल्याचं सांगितलं. भाचीने ऐकलं, बसली, मावशीचा हात हातात घेतला. म्हणाली, तू सगळ्यांसाठी फार मोठं केलंस.

सगळ्यांसाठी, म्हणजे कुणासाठी नाही ते बाईंना कळलं. त्या उठल्या, टेबलाशी बसल्या आणि कोऱ्या कागदावर हाताने एक पत्र लिहिलं. तीनच ओळी, पण अर्धा तास लागला. घडी घालून भाचीपुढे ठेवलं. भाचीने उघडलं. 'तुझी तक्रार मिळाली. तू म्हणतेस ते खरं आहे. तुला आलेलं पत्र मी लिहिलं, ते लिहायला नको होतं, ती चूक माझी.'

भाचीने ते दोनदा वाचलं.

"वर तक्रारीचा क्रमांक नाही टाकलास," ती म्हणाली.

"एकच तर आहेस. क्रमांक कशाला?"

भाचीने मान हलवली. कागद तिने मावशीला परत दिला. "लिहून नको, मावशी. लिहिणं तुझं धंद्याचं आहे. तोंडाने म्हण."

बाईंनी घसा साफ केला. या घशाच्या जिवावर कंपनीने एकतीस वर्षं काढली होती. किती चिडलेली माणसं या आवाजाने निवली, किती बायका फोनवर रडता रडता थांबल्या. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. तो गोड आवाज काही लागला नाही. चिरका, फाटका निघाला, शेजारच्या खोलीत ऐकू गेला नसता. भाचीने बॅगेची चेन उघडली आणि कपडे एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली.